तोंडी तक्रार, लेखी शाबासकी

शाळेचं ऑटम टर्मचं न्यूजलेटर तनयाच्या बॅगेतून नेहमीसारखंच निघालं. चुरगळलेलं, केळ्याचा वास येणारं, पिवळ्या कागदाचं. पहिल्या पानावर हार्वेस्ट फेस्टिव्हलसाठी डबाबंद पदार्थ आणा, फाटकासमोर गाड्या लावू नका, आणि उवा. उवा दर टर्मला असतातच. मागच्या पानावर चौकटीत ‘स्टुडंट सपोर्ट’: तुमच्या मुलाला काही मदत हवी असेल तर वर्गशिक्षिकेशी मोकळेपणाने बोला. आणि त्या चौकटीच्या बरोबर खाली, एका चांदणीच्या चित्रात, इयर थ्रीमधली ‘रीडर ऑफ द मंथ’ म्हणून नाव होतं तनया देवस्थळी.

मी ते दोनदा वाचलं आणि ओट्यावर आपटलं. कारण माझ्या मुलीला वाचता येत नव्हतं. सात वर्षांची पोर, इथेच लंडनमध्ये, एजवेअरच्या हॉस्पिटलात जन्मलेली, इंग्रजी माझ्यापेक्षा शंभर पट चांगलं बोलणारी, पण समोर नवीन पान ठेवलं की तिला त्यातलं काही म्हणजे काही लागत नव्हतं. आणि गेले पाच आठवडे मी हेच त्या वर्गशिक्षिकेला मोकळेपणाने सांगत होते.

वर्गशिक्षिका मिस हार्पर. वय फार तर चोवीस, चेहऱ्यावर कायम हसू. तीन वाजून वीस मिनिटांनी पोरं सोडताना दारात उभी असायची, तेव्हा तिला गाठून मी रोज एकच रडगाणं गायचे. ती मान तिरकी करून ऐकायची आणि म्हणायची, “मिसेस डी, तनया अगदी फाइन आहे.” देवस्थळी म्हणणं तिने दुसऱ्याच आठवड्यात सोडून दिलं होतं. ‘फाइन’ हा शब्द ऐकला की माझं डोकं उठायला लागलं होतं. या देशात छप्पर गळत असलं तरी फाइन असतं.

तिला वाचता येत नाही हे मला कळलं ते ऑगस्टमध्ये, आमच्या स्टॅनमोरच्या लायब्ररीत. एरवी आमची पद्धत ठरलेली होती. शाळेतून सोळा पानांचं पुस्तक यायचं. संध्याकाळी मी ते शब्दाखाली बोट फिरवत दोनदा वाचून दाखवायचे आणि मग ती वाचायची. घडाघडा, आवाजाचे चढउतार करून. त्या दिवशी लायब्ररीत माझा फोन वाजला, म्हणून मी म्हटलं, “तू सुरू कर गं.” फोन संपवून बघते तर बाईसाहेब चित्र बघून भलतीच गोष्ट रचून सांगत होत्या. मला वाटलं, चेष्टा करतेय. मग मी एकेका शब्दावर बोट ठेवत गेले. दहातले दोन आले. दहाव्या शब्दाला तिचे ओठ थरथरायला लागले आणि मी पुस्तक मिटलं.

म्हणजे दोन वर्षं ही पोर पुस्तकं पाठ म्हणत होती. सोळा पानं दोनदा ऐकून पाठ! आणि यात तिला ट्रेनिंग कोणी दिलं, तर आम्हीच. तिसऱ्या वर्षी तिला संध्याकाळची सगळी स्तोत्रं यायची. मंडळाच्या गणपतीत भाड्याच्या हॉलमध्ये तीनशे माणसांसमोर तिने न अडखळता म्हणून दाखवली, टाळ्या पडल्या, कंपासपेटी मिळाली. मी स्वतः अशीच शिकले, माझी आई अशीच शिकली. आमच्याकडे पोराला यायला लागलं म्हणजे त्याचं पाठ झालं. त्यातल्या अक्षरांशी त्याची ओळख झाली का, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही.

गिरीश, म्हणजे माझा नवरा, सिटीतल्या एका बँकेत कॉम्प्युटरच्या कामाला. स्टॅनमोरहून ट्यूबने जातो-येतो, साडेसातला घरी. त्याला सांगितलं तर म्हणाला, “अगं, येईल. प्रॅक्टिस वाढव.”

“प्रॅक्टिसनेच तर वाट लागलीय,” मी म्हटलं.

“आणि शाळेला सांगून काय होणार? लेबल चिकटवतील. स्पेशल नीड्स. आयुष्यभर ते फाइलमध्ये राहील.”

“मग राहू दे. फाइल ती वाचूही शकणार नाही, त्यापेक्षा बरं.”

तो जेवत राहिला. वाद नको असला की गिरीश ताटाकडे बघून जेवतो. याचा मला इतका संताप येतो की मी आमटीची वाटी उचलून आत नेते.

शेवटी मी मंजिरीला फोन केला. मंजिरी ईलिंगला राहते, इथे येऊन तिला अकरा वर्षं झाली, आणि तिच्या शार्दूलला शाळेत वाचनासाठी वेगळी मदत मिळाली होती. ती म्हणाली, “तू दारात उभं राहून काय बडबडतेस? इथे तोंडी बोललेलं कोणाच्या बापाला ऐकू येत नाही. लेखी दे. आणि त्या मिस हार्परला नाही, सेन्कोला दे.” सेन्को म्हणजे अडणाऱ्या मुलांचं बघणाऱ्या बाई. दर शाळेत एक असतात, हे मला तीन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

मी दोन पानी पत्र लिहिलं. आमच्या कॉलेजातल्या अर्जांच्या इंग्रजीत, नम्र विनंती वगैरे. गिरीशने त्यातले चारातले दोन ‘काइंडली’ खोडले, एवढीच त्याची मदत. मुख्य वाक्य मी अधोरेखित केलं होतं: माझ्या मुलीला एक ओळसुद्धा वाचता येत नाही. पत्र सोमवारी दिलं. न्यूजलेटर मंगळवारी आलं. माझी मुलगी महिन्याची सर्वोत्तम वाचक!

बुधवारी सेन्को बाईंचा फोन आला. मिसेस प्रिचर्ड. आवाज कोरडा, पण निदान ‘फाइन’ म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या की वाचनाच्या खास गटात सहा मुलं घेतात, आठवड्यातून तीन सकाळी. पाच जागा भरल्यात. सहावं नाव शुक्रवारी, हाफ टर्मची सुट्टी लागायच्या आधी, जायलाच हवं. मग पुढच्या सप्टेंबरपर्यंत काही नाही. “उद्या अडीचला या,” त्या म्हणाल्या, “आणि तनयाची रीडिंग डायरी घेऊन या.”

पुढचा सप्टेंबर म्हणजे तनया इयर फोरमध्ये. तिथे गणितं शब्दांत असतात, इतिहास वाचून असतो. एवढं सगळं ऐकून पाठ करायला कोण बसणार होतं? रात्री मला झोप लागली नाही. त्या प्रिचर्ड बाईला काय काय सुनवायचं याची मी मनात यादी करत होते.

गुरुवारी अडीचला मला एका चिंचोळ्या खोलीत बसवलं. कोपऱ्यात हरवलेल्या स्वेटरांची पेटी, टेबलावर गार झालेला चहा. मिसेस प्रिचर्ड पन्नाशीच्या, चष्मा साखळीला. मी बसल्या बसल्या सुरू झाले. पाच आठवडे सांगतेय, कोणी ऐकत नाही, वर तुम्ही तिला चांदणीत छापता, ही काय चेष्टा आहे का? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढे केला. “डायरी?”

रीडिंग डायरी म्हणजे एक निळी वही. घरी रोज काय वाचलं ते त्यात पालकांनी लिहायचं आणि सही करायची. त्यांनी ती उघडली, शेजारी माझं पत्र ठेवलं, आणि दोन्ही माझ्याकडे फिरवली.

पत्राची तारीख आठ ऑक्टोबर. माझ्या मुलीला एक ओळसुद्धा वाचता येत नाही. डायरीत आठ ऑक्टोबर: संपूर्ण पुस्तक सुंदर वाचलं, भावपूर्ण. खाली सही, सुमेधा देवस्थळी. सात ऑक्टोबर: खूप छान. चार ऑक्टोबर: न अडखळता. मी पान उलटलं. सप्टेंबर अख्खा तसाच. एकाच पेनाने, एकाच वळणदार अक्षरात.

“मिस हार्पर दर सोमवारी ही वही बघते,” मिसेस प्रिचर्ड म्हणाल्या. “तीस मुलं आहेत. एकेकाला ती दोन आठवड्यांतून एकदा ऐकते, तेही घरी झालेल्याच पुस्तकावर. बाकी ती तुमच्यावर अवलंबून असते. यातलं खरं कोणतं, मिसेस देवस्थळी?”

त्यांनी माझं नाव नीट उच्चारलं, आणि मला तेवढ्यानेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काय सांगणार होते? की दारात उभं राहून सांगणं वेगळं आणि वहीत लिहिणं वेगळं? बोललेलं विरून जातं, पण वही राहते, चार लोक बघतात. ‘येत नाही’ असं माझ्या मुलीच्या वहीत माझ्या हाताने लिहायला पेन चालत नव्हतं. ऑगस्टपर्यंत मला माहीत नव्हतं, ते सोडा. पण त्यानंतर रोज संध्याकाळी मी तिला पुस्तक वाचून दाखवत होते, ती ते पाठ म्हणत होती, आणि मी ‘छान’ लिहून सही करत होते. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊन त्या चोवीस वर्षांच्या पोरीवर डाफरत होते.

“पत्र खरं आहे,” मी म्हटलं. “तिला बोलवा. तुम्हीच बघा.”

तनया आली. मला बघून आधी खूश झाली, मग गोंधळली. मिसेस प्रिचर्डनी कपाटातून एक पुस्तक काढून तिच्यासमोर ठेवलं. बोटीवरच्या मांजराचं. मी ते लगेच ओळखलं, ते आमचं घरी झालेलं होतं. तनयाने पहिलं पान उघडलं आणि सुरुवात केली. घडाघडा, आवाजाचे चढउतार करून. मांजराच्या जागी मांजराचा आवाज. मिसेस प्रिचर्ड चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागल्या. दुसऱ्या पानावर, तिसऱ्या पानावर एक चूक नाही. शुक्रवारी नाव जायचं होतं, आणि माझी मुलगी माझ्या डोळ्यांदेखत ती जागा घालवत होती. तीही मी शिकवलेल्या पद्धतीने.

मी पुढे वाकून पुस्तक तिच्या हातातून घेतलं. मिटलं. मधलंच एक पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“इथून वाच, बाळा.”

तिने ओळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. असं कसं करतेस, अशा नजरेने. मग तिने डोळे मिटले आणि तिचे ओठ हलायला लागले. मला काही क्षण कळेना ती काय करतेय. मग ऐकू आलं. ती पुटपुटत पहिल्या पानापासून सुरू झाली होती. स्तोत्राच्या मधल्या श्लोकावर यायचं तर आपण पहिल्यापासूनच म्हणत येतो ना, तशी ती माझ्या बोटाखालच्या ओळीपर्यंत पोचायला निघाली होती. पण पान कोणतं आहे हेच तिला कळत नव्हतं, त्यामुळे कुठे थांबायचं ते तिला कळेना. ती पुढे गेली, पुन्हा मागे आली, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी गप्प झाली आणि स्वेटरची बाही तोंडात घातली.

मिसेस प्रिचर्ड उठून तिच्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसल्या. “तनया, इतकं पाठ ठेवायला केवढी मेहनत लागली असेल तुला,” त्या म्हणाल्या. “आता आपण थोडं सोपं करू.” मग टेबलावरचा फॉर्म माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, “सहावं नाव मी आज लिहिते. इथे तुमची सही लागेल. आणि वर, तुमच्या शब्दांत, तिला काय येत नाही ते.”

मी लिहिलं. तीन ओळी. माझं अक्षर कधी नव्हे इतकं गचाळ आलं.

बाहेर पोरं चेस्टनटच्या झाडाखाली वाळक्या पानांत पाय घासत होती. तनया माझ्या दोन पावलं पुढे चालत होती, हात धरू देत नव्हती. मिस हार्पर दारात उभी होती, हसली. तिला सॉरी म्हणायला हवं होतं. मी नुसती मान हलवली आणि पुढे गेले.

गाडीपाशी तनया थांबली. “तो आपला सीक्रेट होता ना?” ती म्हणाली. “तू का सांगितला त्यांना?”

“कसलं सीक्रेट?”

“मला वाचायला नाही येत ते. तुला माहीत होता. तू तरी गुड लिहायची डायरीत.”

इतके दिवस मी समजत होते की माझं हे खोटं तिच्यापासून तरी लपलेलं आहे. “तुला कोण म्हणालं मी गुड लिहायचे?”

“मिस हार्पर मोठ्याने वाचते आणि स्टिकर देते. मम्मी सेज ब्यूटिफुल. मग मी कसं सांगू तिला की नाही येत? ती तुला रागावली असती.”

म्हणजे ही सात वर्षांची पोर सप्टेंबरपासून मला सांभाळून घेत होती. मी खाली बसले, तिच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला आणि म्हटलं, “चुकलं माझं, तनू. ते मी खोटं लिहीत होते.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मला ते वाचायला नाही येत. पण तू ते लिहिते ना, तेव्हा माझ्याकडे बघत नाही.”