ताठा

बायकोने पुसायला म्हणून गवंड्याची टाच हातात घेतली आणि पाय एकदम ताठ होऊन तिच्या बरगडीत बसला. पुन्हा तिथंच. तिने कळ गिळली.

"लागलं?"

"छे, कुठं."

परांचीवरून पडून त्याच्या कण्याला मार बसला, त्याला दीड वर्ष झालं. पाय त्याचे ऐकत नव्हते, पण त्यांचा ताठा भारी. त्या ताठ्याच्या जिवावर तो रोज सकाळी खिडकीचे गज धरून दहा मिनिटं उभा राहायचा आणि समोरच्या नव्या इमारतीला नावं ठेवायचा. "तो कोपरा बघ. ओळंब्यात नाही, वाकडा गेलाय. आंधळ्याने रचलाय." बाकीचा दिवस तो या दहा मिनिटांवर काढायचा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांचा ताठा कधीपासून?"

"लग्नापासून," बायको म्हणाली. "कुणापुढे म्हणून वाकले नाहीत."

बाई हसल्या, मग तीही ओशाळून हसली. तो हसला नाही. गोळ्या झाल्या होत्या, इंजेक्शनं झाली होती. आता कण्याजवळच्या काही नसा कापायच्या, म्हणजे पाय मऊ पडतील, सांभाळणाऱ्याला सोपं जाईल.

"आणि उभं राहणं?" तिने विचारलं.

"ते ताठ्यावरच उभे राहतात हो. तो गेला की तेही जाईल."

"मग नकोच."

"करा," तो म्हणाला.

घरी येईपर्यंत ती भांडली. पण ऐकेल तो गवंडी कसला.

ऑपरेशननंतर महिन्याभराने ती त्याचे पाय पुसत होती. ते ओल्या फडक्यासारखे तिच्या हातात पडून राहिले. एकदाचा यांचा ताठा उतरू दे, असं ती तीस वर्षं म्हणत आली होती. असा नव्हता मागितला. तिला रडू आवरेना.

"का कापून घेतलंत हो?"

"केसभर वाकडं मला लांबून दिसतं," तो म्हणाला. "डाव्या अंगाला झुकून चालत होतीस. दोन महिने."

तिने फडकं खाली ठेवलं.

"चालून दाखव बघू."

ती खिडकीपर्यंत गेली, परत आली. त्याने एक डोळा मिटून नीट पाहिलं.

"आता आहेस ओळंब्यात."

बरगडी अजून ठणकत होती. ती ताठ चालली होती.