लग्नानंतर दाखवू

पांडेसऱ्याच्या मिलवस्तीतल्या त्या चाळीत सकाळ धुराच्या हाताने दार उघडते. मंगलाबाईंनी आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत मिलमधल्या साड्यांच्या चिंध्या सारल्या. चिंध्या वितळत जळाल्या, काळा धूर एका खोलीच्या घरभर फिरला. खाटेवर नवरा हिलाल बिडी ओढत बसला होता.

मंगलाबाई भिंत धरून खोकल्या.

"गूय खाय व. रुई से ती, उतरी जाई," हिलाल म्हणाला. गूळ खाल्ला की छातीतली कापसाची रुई उतरते, हे माग चालवणाऱ्या माणसांचं जुनं औषध. पण मंगलाबाई मागावर कधी गेल्याच नव्हत्या.

लेक चंचलने त्यांचा पदर पाहिला. "माय, हाई लाल काय से?"

"पान खादं."

"तू कधीपासून पान खास व?"

मंगलाबाई हसल्या. हसताना पुन्हा खोकल्या.

गल्लीतल्या डॉक्टरने गेल्या महिन्यात एक्स-रे पाहून सांगितलं होतं, फुप्फुसावर डाग आहे, खोकला थांबत नाही, वजन उतरतंय, मोठ्या दवाखान्यात सीटी स्कॅन करा. चंचलचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं, आणि त्या दिवशी हिलालचा थोरला भाऊ भिकन घरात होता.

"अमळनेरवाला सोयरा ऐकतीन त पोर घरमाच राही जाई," तो म्हणाला. "लगीन व्हई जाऊ दे. मंग दखाडू."

हिलालने मान हलवली. मंगलाबाईंनीही हलवली. आपल्याकडे बाईचं दुखणं असंच उंबऱ्याबाहेर ताटकळतं. आधी सण, आधी पाहुणे, आधी लेकीचं लगीन. उरला श्वास तर मग तिचा.

हळदीच्या दिवशी वरमाय कुसुमबाई उष्टी हळद घेऊन आल्या. बायांनी मंगलाबाईंना गायला उठवलं.

"हयद लागनी अंगे, सोनानी व्हयनी लेक..."

दुसरी ओळ आलीच नाही. श्वास अर्ध्या वाटेत तुटला. मंगलाबाई मांडवाचा खांब धरून खाली बसल्या आणि तोंडाला लावलेला पदर लाल झाला.

"काही नही, रुई से, रुई!" भिकन मोठ्याने हसला.

हळदीच्या अंगानेच चंचल उठली आणि महिनाभर लपवलेलं कुसुमबाईंसमोर बोलून गेली. "रुई नही से काका. मावशी, मन्ही मायना फुप्फुसवर डाग से. आम्ही तुमनापासून दपाडी ठेवं. मी तिले आत्तेच दवाखानामा लई जास."

"इतलं मोठं दपाडं?" कुसुमबाईंनी हळदीचं ताट उचललं. "आसं दुखनं रगतमा ऱ्हास. आमना घरमा नको."

ताट घेऊन त्या मांडवाबाहेर पडल्या; लग्न तिथेच मोडलं.

रिक्षात मंगलाबाई लेकीच्या खांद्यावर मान टाकून म्हणाल्या, "बावरी! कसाले बोलनी व? दोन दिन त व्हतात."

चंचलने आईचा हात गच्च धरून ठेवला. तो हात पाखरासारखा हलका झाला होता.

तपासण्या झाल्या. कर्करोग फुप्फुसातून हाडांत उतरला होता.

"साहब, इसने तो कभी बीड़ी को हाथ नहीं लगाया," हिलाल हात जोडून म्हणाला.

"घर में कौन पीता है?" डॉक्टरांनी विचारलं.

हिलालचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. डॉक्टरांनी चिंध्यांच्या धुराचंही विचारलं. मग सावकाश सांगितलं, की डाग दिसला तेव्हाच आला असतात तर उपचारांना जास्त वाव होता. आता त्रास कमी करता येईल, आजार मुळातून काढता येणार नाही. घरातल्या धुराला बिडी ओढणारा आणि नुसता श्वास घेणारा वेगळा कळत नाही.

हिलाल जिन्यात जाऊन बसला. बिड्यांचं बंडल त्याने चुरगाळून टाकलं. पण तेवढ्याने आत खाटेवर श्वास ओढणारी बाई बरी होणार नव्हती.

चंचल आईचे कपडे न्यायला चाळीत आली. भिंतीपलीकडे शेजारच्या वत्सलामावशी खोकत होत्या. थांबत होत्या. खोकत होत्या.

चंचलने दार वाजवलं. "मावशी, कवयपासून खोकली ऱ्हायनी?"

"दिवाळीपासून व्हई. काही नही व पोरी, थोडी कसर से. आमनी लेक पल्लवीनी लगीननी सुपारी फुटू दे, मंग..."

चंचल त्यांच्या उंबऱ्यावर बसली. अंगावरची हळद अजून पुरती निघाली नव्हती.

"उठ मावशी. मी आठेच बठेल से. तू दवाखानामा येस नही तोवर मी उठाव नही."