काचेमागे कुणी झोपलंय

मित्रांनो, तुम्ही माझ्या कुठल्या बाजूला उभे आहात, हे मला नेहमीच लगेच कळतं असं नाही. एका बाजूला असाल, तर तुम्हाला तुमचाच चेहरा दिसेल. विस्कटलेले केस नीट कराल आणि निघून जाल. दुसऱ्या बाजूला असाल, तर पहिल्या बाजूची माणसं दिसतील, पण त्यांना तुम्ही दिसणार नाही. मी एक जुना आरसा आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा मी खिडकी आहे.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. माझ्या भावंडांच्या पाठीवर चांगला जाड मुलामा चढवला गेला आणि ती न्हाव्यांच्या दुकानांत, कपाटांच्या दारांवर सुखाने नांदायला गेली. माझ्या पाठीवर मात्र इतका पातळ थर दिला, की मला वाटलं, यांचा मालच संपला असावा. मुलामा देणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने मला उजेडासमोर धरलं आणि शेजारच्याला म्हणाला, "हा काही सरळ स्वभावाचा नाही बरं का. याच्यासमोर जपून वागावं." मला तेव्हा त्याचा राग आला होता.

माझं गणित साधं आहे. माझ्या ज्या बाजूला उजेड, तिकडे मी आरसा. ज्या बाजूला अंधार, तिकडे खिडकी. उजेडातल्या माणसाला वाटतं आपण एकटेच आहोत, आणि अंधारातला माणूस त्याला निवांत बघत बसतो.

मला एका विद्यापीठाने विकत घेतलं. तिथे चार विभागांच्या मधोमध एक बैठी इमारत होती. विज्ञान, कला, शिक्षण आणि आरोग्य, चौघांनाही माणसांकडे लपून बघायचं होतं आणि चौघांमध्ये मिळून मी एकटाच. दोन खोल्यांमधल्या भिंतीत मला बसवलं. पुढची खोली लखलखीत, खाली सतरंजी, कोपऱ्यात खेळणी. मागची खोली काळोखी, तिथे खुर्च्या आणि टेबलावर एक छोटा दिवा, जो कुणीही कधीही लावायचा नाही असा नियम. बाहेरच्या दारावर पाटी होती: शांतता राखा, निरीक्षण चालू आहे.

काय काय पाहिलं मी तिथे! अर्धं अंग लुळं पडलेले एक आजोबा माझ्यात बघत पुन्हा चालायला शिकले. नाटक शिकणारी मुलं माझ्यासमोर खोटं खोटं रडायची आणि मधेच थांबून आपण रडताना कसे दिसतो ते बघायची. नवशिके शिक्षक वर्ग घ्यायचा सराव करायचे आणि खडू हातातून पडला की आधी माझ्याकडे चोरून बघायचे. भौतिकशास्त्राचे सर तर माणसांकडे बघायचेच नाहीत, माझ्यातून किती उजेड आरपार जातो एवढंच मोजत बसायचे. पाहुणे आले की सगळे मला कौतुकाने दाखवायचे. "आमचा आरसा," असं चारही विभाग म्हणायचे, आणि मी फुशारून जायचो. मला काय ठाऊक, की मला पुसायची पाळी आली की हेच चौघं एकमेकांकडे बोट दाखवणार आहेत.

मग बबडी आली.

पाच-सहा वर्षांची मुलगी. तिला तिची आत्या घेऊन यायची. आत्या शिंप्याच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे तिच्या ओढणीवर कायम दोरे चिकटलेले असायचे. बबडीचे वडील मालाचा ट्रक चालवायचे आणि दिवसचे दिवस घरी नसायचे. आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून पोरगी तोंड उघडायला तयार नव्हती. कान ठीक, जीभ ठीक, अक्कल तर चांगलीच ठीक, पण शब्द नाही. सत्र संपेपर्यंत ती बोलली नाही, तर तिला परगावच्या, न बोलणाऱ्या मुलांच्या निवासी शाळेत ठेवायचं, असं ठरलं होतं. आत्याला ते मुळीच नको होतं. पण एवढ्या शिकलेल्या माणसांपुढे ती काय बोलणार? ती आपली बाहेरच्या बाकावर बसून कुणाच्या तरी कुर्त्याची दुमड घालायची आणि दाराकडे कान लावायची.

चारही विभागांना बबडी हवी होती, आणि चारही विभागांचं एका गोष्टीवर एकमत झालं, ही त्या विद्यापीठातली दुर्मीळ घटना. नियम असा ठरला: मुलीशी कुणीही बोलायचं नाही. तिला आपणहून बोलू द्यायचं. तिला खोलीत सोडून दार ओढून घ्यायचं, इमारतीत चवड्यांवर चालायचं, खोकला आला तरी रुमालात दाबायचा. छताला मायक्रोफोन होता, पण तो केव्हाचाच बंद पडला होता. तो दुरुस्त करून घ्यावा, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा शिक्षणशास्त्राच्या बाई म्हणाल्या, "न बोलणाऱ्या मुलीसाठी मायक्रोफोन कशाला?" सगळ्यांना ते पटलं.

आणि मित्रांनो, बबडी बोलत होती.

पहिल्याच आठवड्यात एकदा ती खेळणी सोडून माझ्याजवळ आली. तिने कपाळ माझ्यावर टेकलं, दोन्ही हातांचा आडोसा डोळ्यांशी धरला आणि माझ्यातून पलीकडे बघायचा प्रयत्न केला. आजवर कुणीही असं केलं नव्हतं. सगळे मला बघायचे, ती माझ्या मागे बघत होती. मग अगदी हळू, काचेवर वाफ धरेल इतक्या जवळून म्हणाली, "आई, तू इथे झोपलीयेस ना?"

माझ्या अंगावर काटा आला. काचेला काटा येतो का, असं तुम्ही विचाराल. तेव्हा आला.

ती रोज बोलू लागली. तिच्या तुकड्या तुकड्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळत गेलं. आई आजारी असताना घरात जो तो तिला सांगायचा, "शूऽ, बोलू नकोस, आईला झोप लागलीये." बबडी शहाणी पोर, ती गप्प झाली. मग एक दिवस आईला घरातून नेलं. कुठे नेलं, तर म्हणे शांत झोपायला. आणि आता ही इमारत. इथे सगळे चवड्यांवर चालतात. दारावर पाटी आहे, आणि शांतता हा शब्द तिला लावून लावून वाचता येत होता. बोलत कुणीच नाही. काचेमागे काळोख. मग आई दुसरीकडे कुठे असणार?

"मी कुणाशीच बोलत नाही हं," ती मला सांगायची. "तू झोप. उठलीस की मला हाक मार."

तिला फक्त एवढंच हवं होतं, की कुणीतरी येऊन सांगावं, आता बोललीस तरी चालेल. ते मला माहीत होतं. सबंध जगात फक्त मलाच माहीत होतं, आणि मला तोंड नाही. माझ्या एका अंगाला ती कुजबुजत होती आणि दुसऱ्या अंगाला डोळ्यांत तेल घालून माणसं बसली होती. त्यांना तिचे ओठ हलताना दिसत होते. आरोग्य विभागाच्या डॉक्टरीणबाईंना ते स्नायूंचं आपोआप होणारं स्फुरण वाटलं. शिक्षणशास्त्राच्या बाईंनी ठरवलं की मुलगी काचेशी खेळते आहे. भौतिकशास्त्राच्या सरांनी तिच्या श्वासाची वाफ काचेवर किती वेळ टिकते ते मोजलं. वाफ त्यांनी अगदी अचूक मोजली.

रोज ऐकून ऐकून एक विचित्र गोष्ट घडली. मलाही वाटायला लागलं, की माझ्या पाठीमागे कुणीतरी झोपलेलं आहे. मागच्या खोलीतली माणसं निघून गेली, दाराला कुलूप लागलं, की त्या काळोखात कुणीतरी संथ श्वास घ्यायचं. मध्येच कूस बदलल्यासारखा आवाज व्हायचा. खुर्चीचं लाकूड असेल. पण मी आरसा असून मला तिकडे बघायची भीती वाटू लागली.

सत्र संपत आलं. निवासी शाळेचं नक्की झालं. त्याच आठवड्यात कला विभागाची पाळी होती आणि चित्रकलेच्या बाई आल्या. मुलं काही न बोलता हातांनी काय काय सांगतात, यावर त्यांचा अभ्यास चालला होता. त्यांच्याबरोबर डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन, आणि आत चित्रकलेच्या बाईंना स्वतःचा कागदही दिसेना. विज्ञानाला अंधारात मोजता येत असेल, चित्र काही अंधारात काढता येत नाही. त्यांनी थोडा वेळ धीर धरला, मग सहज हात लांब केला आणि टेबलावरचा दिवा लावला. नियम त्यांच्या डोक्यातच राहिला नाही. मान खाली घालून त्या रेघा ओढू लागल्या.

त्या क्षणी मी पुढच्या बाजूलाही खिडकी झालो.

बबडी कपाळ टेकून उभीच होती. तिला स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि त्याच चेहऱ्याच्या आत, खोलवर, टेबलावर डोकं टेकल्यासारखी एक बाई. केस पुढे आलेले. मग त्या बाईने हळूच डोकं वर उचललं.

"आई," बबडी म्हणाली, "उठलीस?"

चित्रकलेच्या बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. मुलगी आपल्या डोळ्यांत बघते आहे, हे त्यांना कळलं. डॉक्टरीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "दिवा! अहो, दिवा घालवा आधी," आणि त्यांनीच पुढे होऊन बटण दाबलं.

आई उठली होती. आई बघत होती. आणि आई काळोखात गेली.

मग जो आवाज आला तो मी जन्मात विसरणार नाही. "आईऽ! नको झोपूस! आई, मी बोलले नाही! मी कुणाशीच बोलले नाही!" बबडीने खेळण्यातला लाकडी ठोकळा उचलला आणि माझ्यावर मारला, पुन्हा मारला. माझ्या खालच्या कोपऱ्याला तडा गेला. खरं सांगतो, मला वाटत होतं की मी फुटावं. फुटलो असतो तर निदान पलीकडे आई नाही, हे तरी तिला दिसलं असतं.

आधी आत्याच आत आली. आत यायचं नाही, असं तिला बजावलेलं होतं. हातातला कुर्ता तसाच, सुई त्यातच लटकत होती. मागून डॉक्टरीणबाई आणि चित्रकलेच्या बाई धावत आल्या आणि दारातच थांबल्या.

"आत्या, आई उठली होती. यांनी दिवा घालवला."

आत्याने एकदा काचेकडे पाहिलं, एकदा दारातल्या बायकांकडे. मग ती सतरंजीवर बसली आणि तिने पोरीला मांडीवर ओढलं.

"बबडे, आई झोपलेली नाहीये गं. आम्ही तुला खोटं सांगितलं. आई वारली. ती आता कुठेच नाहीये."

"मग बोलू नको का म्हणालात?"

"तेव्हा ती आजारी होती म्हणून. नंतर..." आत्याने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "नंतर तुला सांगायचं राहूनच गेलं. कुणाच्या लक्षातच आलं नाही."

बबडीने आत्याच्या ओढणीवरचा एक दोरा ओढून काढला. "आता बोललं तर चालेल?"

"चालेल."

"मोठ्याने?"

"हवं तेवढ्या मोठ्याने."

पण ती बोलली नाही. ती रडली. इतक्या मोठ्याने रडली, की चारही विभागांच्या खिडक्यांत माणसं येऊन उभी राहिली. दारावर शांततेची पाटी होती आणि कुणीही तिला गप्प केलं नाही.

निवासी शाळेचं बारगळलं, हे सांगायला नकोच. पुढे प्रत्येक विभागाने आपापला निबंध लिहिला आणि मुलगी आपल्याच पद्धतीमुळे बोलली, असं सिद्ध केलं. चित्रकलेच्या बाईंनी मात्र काही लिहिलं नाही. अर्धवट राहिलेलं चित्र त्यांनी आत्याच्या पिशवीत घातलं आणि पुन्हा कधी त्या काळोखात बसल्या नाहीत.

नंतर कॅमेरे आले. तडा गेलेल्या आरशाला कोण विचारतो? मला भिंतीतून काढलं आणि जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या पुढ्यात उभं केलं. किती वर्षं गेली, कोण जाणे. दोन्ही बाजूंना काळोख असला, की मी आरसाही नसतो आणि खिडकीही नसतो. मी काहीच नसतो. फक्त पाठीमागचा तो संथ श्वास ऐकत असतो.

अलीकडेच इमारतीत नवे दिवे बसवायला माणसं आली. त्यांची अभियंता एक बाई होती. जिन्यावर असतानाच तिचा आवाज आला, इतकी अखंड आणि मोठ्याने बोलत होती. तिचा सहकारी म्हणाला, "मॅडम, जरा श्वास तरी घ्या," आणि ती हसून आणखी बोलू लागली. खोलीत येताच तिची बॅटरी माझ्या कोपऱ्यातल्या तड्यावर पडली, आणि ती एकदम गप्प झाली.

ती जवळ आली. तिने कपाळ माझ्यावर टेकलं आणि दोन्ही हातांचा आडोसा डोळ्यांशी धरला. माझ्या जिवात जीव आला. इतक्या वर्षांनी कुणीतरी पुन्हा माझ्या मागे बघत होतं.

मागे खुर्च्याच होत्या. तरी तिने सहकाऱ्याला बोलावलं आणि माझ्या पाठीमागे, त्या खुर्च्यांच्या वर, एक दिवा बसवायला सांगितला.

"मॅडम, तिकडे कशाला? नकाशात नाहीये. तिकडे कोण आहे?"

"कुणी नाही," ती म्हणाली. "पण असलंच, तर अंधारात नको."

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला पुसलंत तर बरं, नाही पुसलंत तरी मी रागावणार नाही. पण तुम्ही शिकून मोठे व्हाल, माणसांकडे बघायचं काम कराल, तेव्हा आपल्या बाजूचाही दिवा लावा, आणि मुलांना गप्प बसवलंत, तर पुन्हा बोलायला सांगायला विसरू नका. कधी या जिन्याखालून गेलात, तर चवड्यांवर चालू नका. मोठ्याने बोला. इथे कुणी झोपलेलं नाही.