खंडित मासा

चंपतरावांच्या कापडदुकानात माशांची काचपेटी आली, तेव्हा आदिलाबादच्या बाजारपेठेत तशी दुसरी पेटी नव्हती. चंपतरावांना माशांहून हीच गोष्ट अधिक प्रिय होती. नागपूरहून गाद्यांत गुंडाळून आणलेली ती पेटी त्यांनी दारासमोर मांडली आणि तळाशी रस्त्याच्या कामावरची काळी, धारदार गिट्टी पसरली. एका ठेकेदार गिऱ्हाइकाने ती फुकट दिली होती. जे फुकट मिळते ते उत्तमच असते, अशी चंपतरावांची जन्मभराची श्रद्धा होती.

त्यांचा भाचा उद्धव गादीच्या कोपऱ्यात बसून कापड मापून देई. कॉलेजात प्राणिशास्त्राचे एक वर्ष करून तो घरी बसला होता, म्हणून मामांनी त्याला नार्नूरहून आणले. तो फारसे बोलत नसे. मनात मात्र तो दिवसभर निवाडे करी आणि त्या न्यायालयातून निर्दोष सुटलेला माणूस अजून जन्माला यायचा होता.

पेटीत लालसोनेरी मासे होते, तसाच एक अंगठ्याएवढा, मातकट, मिशाळ मासाही होता. तो तळ सोडून क्वचितच वर येई. खाली पडलेले कण मिशांनी चाचपत, कुणाच्या नजरेत न भरता दिवस काढी. मामा त्याला 'चपराशी' म्हणत. उद्धवला तो शब्द कुठे लागे, हे मामांना कळण्याजोगे नव्हते.

मामी रेणुकाबाईंनी पहिल्याच दिवशी पेटीला हात जोडले. "मत्स्यावतार हाये हा," त्या म्हणाल्या. मामांनी त्या भक्तीतला नफा तत्काळ ओळखला. बायका दर्शनाला थांबू लागल्या, थांबल्या की लुगडी पाहू लागल्या. काचेला हळदकुंकू लागले, पाण्यात अक्षता पडल्या, बत्तासे विरघळले. पाणी गुलाबी होऊन आंबू लागले आणि ते पाणी तीर्थ म्हणून डोळ्यांना लावणाऱ्या बायकांकडे उद्धव अशा नजरेने पाही, की ती नजर कुणी ओळखली असती तर त्याला दुकानातून हाकलले असते.

श्रावण सरताना त्याला दिसले, की मिशाळ माशाची शेपटी जुन्या धोतराच्या काठासारखी विरली आहे. मिशा झिजून खुंट उरले होते. बाजूच्या, पोहायच्या परांच्या कडा पांढऱ्या पडून सुटत होत्या. गिट्टीने अंग कापले होते आणि नासलेल्या पाण्याने जखमा चिघळवल्या होत्या. सारे इतके उघड होते, की ते कुणाला दिसत नाही याचेच त्याला नवल वाटले.

दिसले ते पेठेचे पुरोहित केशवराव जोशी यांना. चहाला आलेल्या जोशीबुवांनी चष्मा सावरून पेटीत पाहिले आणि बशी खाली ठेवली.

"चंपतराव, हा तं खंडित झाला! तुमी पेटीची पूजा करून राह्यले ना? मंग खंडित मूर्ती पूजेत कशी ठेवता? विसर्जन करा."

"मासा हाये तो, मूर्ती नाई," उद्धव म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकून तोच दचकला.

"अरे वा, चपराशाले वकील भेटला!" मामा हसले, आणि त्यांच्यामागे सारे दुकान हसले.

"झडलेले पर परत येते, मामा. पाणी साफ ठेवलं तं येते."

"कोणाच्या बापाचे आले होते रे परत?" पण जोशीबुवांसमोर उदार दिसावे म्हणून मामांनी मांडी बदलली. "जा, दसऱ्यापावतो वेळ घे. सारा अखंड करून आण. नाई तं तलावात सोडून देऊ."

शहराबाहेरच्या त्या तलावात हातहातभर लांबीच्या, लहान मासे गिळणाऱ्या मरळी होत्या. विरलेल्या शेपटीचा अंगठ्याएवढा मासा तिथे एक संध्याकाळही काढू शकला नसता. तेव्हापासून उद्धवला दसरा हा शिक्षेचा दिवस वाटू लागला.

मामींनी पुढे होऊन तांब्याचे घंगाळ दिले. "तांब्याच्या पाण्यानं जखम भरते. तुया आज्याले तेच देत होते." आणि सर्वांच्या अडाणीपणाचा हिशेब ठेवणाऱ्या उद्धवने ते निमूट घेतले. तांब्याचे पाणी औषधी, हे त्याने आईच्या कडेवर असताना ऐकले होते. एक वर्षाचे प्राणिशास्त्र तिथवर पोहोचले नव्हते. घासून लखलखीत केलेल्या घंगाळात त्याने मोठ्या आदराने मासा सोडला.

दुपारी येऊन पाहतो तो मासा पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकत होता. उघड्या कातडीवर राखेसारखी साय आली होती. तांबे त्याला विषासारखे चढले होते. परसात गुरांना पाणी पाजण्याची दगडी डोण होती. उद्धवने ती घासली, आदल्या दिवशी आंघोळीसाठी भरून ठेवलेले पाणी तीत ओतले आणि ओंजळीत धरून मासा तिकडे नेला. ओंजळीत तो जेमतेम हलत होता. त्या दिवशी उद्धवच्या मनातल्या न्यायालयात प्रथमच तो स्वतः उभा राहिला, आणि त्यालाही सूट मिळाली नाही.

मासा वाचला. उद्धवने नदीची बारीक, धुतलेली रेती तळाशी अंथरली. नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा वास येई, म्हणून ते रात्रभर उघडे ठेवून मगच थोडेथोडे बदलत असे. गांडुळाचे तुकडे देई, उरलेले काढून टाकी. मामी मूठभर खडेमीठ घेऊन आल्या, तर डोणीवर आडवा हात धरून तो म्हणाला, "याच्या अंगावर खवले नाईत मामी, आग होईल."

"मामीहून तुले मासा मोठा," त्या पुटपुटत गेल्या.

मग एका सकाळी विरलेल्या कडेला मलमलीसारखी पारदर्शक किनार दिसली. ती इतकी तलम होती, की उन्हाची तिरीप पडल्यावाचून दिसत नसे. दररोज ती किंचित रुंदावे. उद्धव डोणीशी वाकून बसे आणि आपल्या आयुष्यात असे हळूहळू भरून येणारे काही आहे का, याचा विचार करी. उत्तर येत नसे, आणि ते येत नाही याचे दुःखही तिथे बसल्यावर सौम्य वाटे.

दसऱ्याला मामा जोशीबुवांना घेऊन परसात आले. शेपटी पूर्ण होती. नवा भाग तेवढा फिकट, बिनरंगी होता. मिशाही फुटल्या होत्या.

"आला का नाई अखंड?" मामा म्हणाले, जणू पर त्यांच्याच अंगाला फुटले होते. "आमच्या पूजेचा परताप!"

जोशीबुवांनी मान हलवली. "खंडित ते खंडितच, चंपतराव. जुळवलेली मूर्ती पूजेत चालत नाई. हे पाहा, जोड दिसून राह्यला."

मामांचा प्रताप तत्क्षणी आटला. संध्याकाळी शिलंगणाला निघालेल्या मंडळींनी ताशासह तलाव गाठला. उद्धवच्या हातात बादली होती. वाटेत त्याने सर्वांचे चेहरे पाहिले. त्यांत क्रौर्य असते तर त्याला बरे वाटले असते. तिथे केवळ जेवणाची घाई होती.

"सोड," मामा काठावर म्हणाले.

"नाई सोडत."

"काऊन?"

"मी बरा केला त्याले."

ताशा थांबला. कुणीतरी खुसखुसले. "दे इकडं बादली," म्हणत मामांनी हात पुढे केला, तेव्हा उद्धवने बादली छातीशी धरली. पाणी हिंदकळून त्याचा नवा सदरा भिजला.

"चार लोकांत माही इज्जत काढून राह्यला! मासा तं मासा, उद्यापासून तूबी दुकानात दिसू नको!"

"बरं," उद्धव म्हणाला. आपण एवढ्या सहज हे बोललो, याचे त्याला चालता चालता आश्चर्य वाटत राहिले.

घराकडे, नार्नूरला जाणाऱ्या गाडीत कंडक्टरने बादलीत डोकावून पाहिले.

"काय हाये बाप्पा? मासा? येवढासा? याच्यात तं एक घासबी होत नाई. कायले नेऊन राह्यला मंग?"

उद्धवने बादली आपल्याकडे ओढून घेतली. गाडी खड्ड्यात आदळली, तेव्हा त्याने दोन्ही पायांनी बादली घट्ट धरली आणि पाणी स्थिर होण्याची वाट पाहिली.