पंख्यापुरतं काज

माझ्या हातचा कपडा अंगात बसला नाही, असं म्हणणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचंय. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फुशारकी मारतेय असं कुणाला वाटायला नको. मारतेच आहे, पण हक्काने.

शिवणाच्या जोडीला मी भरतकामाचं यंत्र घेतलंय. नक्षी संगणकावर काढायची, संगणकाने तिचे टाके बसवायचे आणि यंत्राने ते कापडावर भरायचे. सगळं सुरळीत चाललं असताना संगणकाने अंग काढून घेतलं. नक्षी मोठी असली की आतला पंखा घों घों करायचा आणि पडदा काळाठिक्कर. एका बँडपथकाचे सदरे अर्धवट पडले.

मुलाला फोन केला, तर चिरंजीव म्हणाले, "आई, आता बस कर ना. डोळे बघ, पाठ बघ. रविवारी येतो आणि संगणक घेऊन जातो. पोरांना खेळायला होईल."

माझा कामाचा संगणक पोरांना खेळायला! मग त्या यंत्रावर मी काय कपडे वाळत घालू? पण संगणक त्यानेच घेऊन दिलेला, त्यामुळे तोंड उघडता येईना. फोन ठेवला आणि पेचकस शोधला.

झाकण काढलं तर आत सुताचा भुगा. ब्रशने सगळा झाडला. झाकण उघडंच ठेवून पुन्हा चालवून पाहिलं, तरी बंद. प्रोसेसरवरचा छोटा पंखा म्हाताऱ्या माणसासारखा डुगडुगत होता. दुखणं कळलं, आता फक्त दुकान गाठायचं. आमच्या ह्यांनी आतल्या बोर्डाचा फोटो काढला आणि मी टेप लावून प्रोसेसरपासून झाकणापर्यंतचं माप घेतलं.

दुकानदार म्हणाला, "मावशी, प्रोसेसरवर पाण्यावर चालणारा कूलर बसवून घ्या. एकदम गारेगार."

"मला संगणक गार करायचाय, घरात नवा नळ नाही घालायचा."

मग त्याने स्वस्तातला एक उंच कूलर काढला. मी माप पुढे केलं. त्याने खोक्यावरची उंची वाचली आणि स्वतःच मान हलवली. "बोटभर जास्त होतोय. झाकण नाही लागायचं." फोटो बघून त्याने मागच्या फळीवरून बुटका, साधा, एका पंख्याचा कूलर आणला. सगळ्यांत स्वस्त. "यात रंगीत दिवे नाहीत हं," तो म्हणाला. मी म्हटलं, "चालेल. मला उजेड नकोय, वारा हवाय."

घरी ह्यांनी टॉर्च धरला, बहुतेक वेळ माझ्या डोळ्यांवर. जुना पंखा काढला, प्रोसेसरची उष्णता वर ओढून घेणारी पेस्ट वाळून खडू झाली होती, ती स्पिरिटने पुसली आणि नवी मटाराच्या दाण्याएवढी ठेवली.

"अगं, पसरव की नीट."

"दाबाने आपोआप पसरते. दुकानदाराने बजावलंय."

स्क्रू मात्र मला कुणी शिकवायला नको. एक थोडा आवळायचा, मग त्याच्या समोरचा थोडा. एकच बाजू खेचली की दुसरी उचलते, कॉलरचंही तसंच असतं. पंख्याची वायर खोचली, बटण दाबलं, पंखा फिरला. मोठी नक्षी घातली, ती न अडखळता पुरी झाली. मी इतकी फुगले, की कुणी तेव्हा माझं माप घेतलं असतं तर चुकलंच असतं.

झाकण लावलं आणि वरून माझं कव्हर चढवलं. आतला भुगा पाहिल्यावर, पुन्हा सूत आत जाऊ नये म्हणून मी ते खास शिवलं. अस्तर, पायपिंग, चारही बाजूंनी चापूनचोपून, उघडं फक्त बटण. पुन्हा नक्षी घातली. निम्म्यावर पडदा काळा.

माझं अवसानच गळालं. दुसऱ्या दिवशी रविवार. मी खाली बसले आणि चक्क रडले.

ह्यांनी कव्हरवर हात ठेवला. "अगं, पंखा वारा घालतोय, पण तो जाणार कुठून? एवढ्या उकाड्यात तू त्याला अस्तराचा कोट घातलायस."

खरं बोलल्याचा मला भयंकर राग आला. कव्हर काढून टाकावं, तर नव्या पंख्यातही सूत जाणार. कात्री घेतली. माझ्याच सुबक कामावर ती चालवताना हात अडला, पण चालवली. पुढे एक भोक, मागे एक भोक, दोन्हींना आतून जाळीचं कापड, आणि कडेने हाताने काजाचा टाका. एवढं मोठं काज मी जन्मात केलं नव्हतं.

"याला बटण कुठलं लावणार?" ह्यांनी विचारलं. तोवर मला हसू आलं होतं.

रविवारी मुलगा भलामोठा रिकामा खोका घेऊन आला. यंत्र धडधडत होतं, शेवटचा सदरा भरून होत आला होता. तो संगणकामागे वाकला. काजातून वारा येत होता.

"कुणाला बोलावलं होतंस?"

"टॉर्च मी धरला होता," हे ऐटीत म्हणाले.

मुलाने काजाच्या कडेवरून गोल बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं, लहानपणी नवा सदरा घातल्यावर बघायचा तसं. आणि तो खोक्याची घडी घालायला लागला.

"थांब," मी म्हटलं. शेवटचा सदरा यंत्रावरून उतरवला, खोका ओढून घेतला आणि त्यात सगळे सदरे काठोकाठ भरले. "जाताना बँडवाल्यांकडे पोचव. आणि खोका परत आण. पुढच्या कामाला लागेल."