सत्त्याण्णवावा दात

चुन्याच्या भट्टीचं लोखंडी पिंप तीन दातेरी चाकांवर फिरायचं. मंगळवारी दगड अडकला आणि एकाच क्षणी तिन्ही चाकांचा एकेक दात तुटला. मी तिथली फिटर. दात वेल्डिंग करून बसवले, पण जोड तो जोडच. एक कमजोर दात भाराखाली आला तर बाकीची दोन चाकं सांभाळून घेतात. तिन्ही पुन्हा एकदम आले, तर पिंप सुटणार.

नवी चाकं यायला आठ दिवस होते. साहेबांनी माझ्या बाबांना फोन लावला. चाकं बाबांनीच घडवलेली. नजर गेल्यापासून ते घरी असतात, डोकं मात्र तल्लख.

"सत्त्याण्णव, एकोणनव्वद आणि चौऱ्याऐंशी दात," बाबा म्हणाले. "कुणातच सामाईक विभाजक नाही, म्हणजे लसावि थेट गुणाकार. सात लाख पंचवीस हजार एकशे बाहत्तर दात सरकल्याशिवाय ते तिघं भेटत नाहीत. सेकंदाला एक धरा. आठ दिवस नि वर नऊ तास."

"शहाण्णव दात पाडणं सोपं गेलं असतं की!"

"तो वरचा एक म्हणजे माझी अक्कलदाढ, साहेब."

जोडलेले तिन्ही दात भाराखालून नुकतेच पुढे सरकवून संध्याकाळी सहाला भट्टी सुरू झाली.

सकाळी वंगणवाल्या काकांनी पहिलं चाक पुसलं. बाबा प्रत्येक चाकावर छिन्नीने खूण करत. इथे ती नव्हती.

"हे होय? तुझे बाबा निवृत्त झाले, त्याच वर्षी बदललंय," काका म्हणाले.

मी लगेच एका दातावर खडू ओढला आणि तो परत येईपर्यंत मोजत राहिले. शहाण्णव. पुन्हा मोजले, तरी शहाण्णवच. शहाण्णव आणि चौऱ्याऐंशी, दोघांनाही बाराने भाग जातो. भिंतीवरच हिशेब मांडला. लसावि एकोणसाठ हजार आठशे आठ. सोळा तास छत्तीस मिनिटं. म्हणजे सकाळचे दहा छत्तीस. घड्याळात दहा वाजून एकोणीस झाले होते.

"साहेब, भट्टी थांबवा!"

"तापलेलं पिंप थांबवलं तर मधोमध वाकेल. तुझ्याच बाबांनी आठ दिवस दिलेत ना?"

"एक दात कमी आहे! दहा छत्तीसला तिन्ही एकदम येणार!"

"एका दाताने काय आभाळ कोसळतंय?"

मी काकांना दंडाला धरून बाहेर ओढलं. बाकीचे आपणहून आले. साहेब मात्र मनगटावरच्या घड्याळाकडे बघत आतच उभे राहिले. मी दारातून हाका मारत होते.

आधी कडकन आवाज झाला. मग जमीन हलली, आणि पांढऱ्या धुरळ्यात काही दिसेना.

साहेब वाचले, पण उजवा पाय गुडघ्यापासून गेला.

दुसऱ्या दिवशी बाबा हट्टाने माझ्याबरोबर दवाखान्यात आले. साहेबांच्या बायकोने आम्हाला दारातच अडवलं.

"आकडा तुमचाच होता ना?"

चाक बदललं होतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. बाबांनी माझा हात दाबला.

"हो, माझाच," ते म्हणाले, आणि बाई आत निघून गेल्या तरी तिथेच उभे राहिले.