कागदावरची खोली

घरपट्टीचं नवं बिल आलं आणि टेलरमास्तरांचे डोळे पांढरे झाले. दर वाढणार हे कानावर होतं, पण आकडा जवळजवळ दुप्पट झाला होता. बायकोनं बिल वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. पट्टी कमी झाली नाही, तर पुढची खोली भाड्यानं जाणार. सोमवारी एकजण खोली बघायला येणारही होता.

पुढची खोली म्हणजे मास्तरांची शिवणाची खोली. दुकान बंद करून सहा वर्षं झाली होती, तरी मास्तर रोज दाढी करून, गळ्यात टेप अडकवून, स्वयंपाकघरातून दहा पावलं चालून कामावर जात. काम असो वा नसो, मशीनला तेल घालत. खोली गेली तर सकाळी उठून करायचं काय, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

त्यांनी हरकतीचा अर्ज दिला. शनिवारी सकाळी घर मोजायला माणूस येईल, असं उत्तर आलं. मग मास्तरांनी डोकं चालवलं. शेजारच्या ड्रायव्हरकडून दोन कपाटं उसनी आणली, समोरच्या घरातून एक पलंग, आणि सगळं भिंतींना चिकटवून उभं केलं. खोल्या दिसायलाच अरुंद हव्यात. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत घरात चालायचं तर आडवं होऊन चालावं लागत होतं.

"मोजणारा काय आंधळा आहे?" बायको म्हणाली. तिला न्हाणीघरात जायला पलंग ओलांडावा लागला होता, त्यामुळे आवाज जरा चढलेला होता.

"तुला त्यातलं कळत नाही. फिटिंग सगळं नजरेवर असतं."

शनिवारी आल्या त्या मोजणीबाई. वयानं त्यांच्या मुलीएवढ्या. हातात एक छोटंसं यंत्र, काखेत रजिस्टर. दारातूनच त्यांनी कपाटांची रांग पाहिली.

"बरंच सामान आहे हो काका."

"काय करणार? घर मुळातच अंगाला घट्ट."

"राहू दे. मी बाहेरून मोजते."

मास्तरांचा चेहरा पडला. सगळ्या धडपडीवर पाणी फिरलं होतं, आणि कमरेत उसण भरली होती ती वेगळीच. बायकोनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलायचे ते हललेच.

बाईंनी घराला एक फेरी मारली. आकडे लिहिले. मग रजिस्टरात बघून आणखी एक फेरी मारली.

"काका, हे जुनं माप कुणी दिलंय?"

"मीच. अठरा वर्षांपूर्वी, घर बांधलं तेव्हा. ह्याच टेपनं." मास्तरांनी गळ्यातल्या टेपवर हात ठेवला.

"मग चुकलंय. कागदावर एक आख्खी खोली जास्त आहे."

चाळीस वर्षांत मास्तरांना हे कुणी ऐकवलं नव्हतं. "माझं माप चुकत नाही," ते म्हणाले. "विचारा कुणालाही. माझ्याकडचा एक कपडा तंग होऊन परत आला असेल तर सांगा."

बायकोनं मात्र त्या टेपकडे पाहिलं. तीस वर्षं तिनं त्यांच्या शेजारी बसून काज-बटणं केली होती. ती हळूच म्हणाली, "फुटाला किती जास्त सोडलं होतंत?"

मास्तर पायरीकडे बघत राहिले. "इंचभर."

"म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"लहान मुलांचे कपडे आम्ही वाढत्या अंगाचे बेततो," बायको म्हणाली. "शिवणीत कापड दाबून ठेवायचं. पोरगं वाढलं की उसवून सोडायचं. ह्यांनी घरही तसंच बेतलं."

"दोन पोरं होती," मास्तर म्हणाले. "वाटलं, त्यांची लग्नं होतील, त्यांना पोरं होतील, मागं एक खोली काढावी लागेल. पुन्हा कुठं कचेरीत खेटे घाला? आधीच धरून ठेवली."

पोरं शिकली आणि लांब गेली. मागची खोली निघालीच नाही, पण तिची पट्टी अठरा वर्षं न चुकता भरली गेली. आणि आता त्या नसलेल्या खोलीपायी असलेली खोली जाणार होती. मास्तरांना हसू आलं आणि त्याच वेळी फार वाईटही वाटलं.

बाईंनी अर्जाचा कागद पुढे केला. "पट्टी कमी होईल. फक्त कारणाच्या रकान्यात तुमच्या हातानं लिहा, माप चुकलं होतं."

"ते मी लिहिणार नाही."

"मग सोमवारच्या माणसाला हो म्हणते," बायको म्हणाली, आणि खरंच आत निघाली.

मास्तरांनी पेन घेतलं. बराच वेळ नुसतं धरलं. मग लिहिलं, 'घर वाढत्या अंगाचं बेतलं होतं. वाढलं नाही.'

बाईंनी वाचलं. त्याच्याखाली स्वतःच्या अक्षरात 'नजरचूक' असं लिहून त्यांनी सही केली.

"नजरचूक म्हणजे चूक नव्हे ना?" मास्तरांनी खात्री करून घेतली.

"नाही काका."

दुपारी कपाटं परत गेली. मास्तर आपल्या खोलीत बसले आणि बायकोनं किती दिवस मागं लागून मागितलेला खिडकीचा पडदा कापायला घेतला. खिडकी मोजली, कापडावर खडूनं रेघ मारली. मग थोडं थांबले, आणि रेघ चार बोटं खाली सरकवली.

बायकोनं ते पाहिलं. पडदा जमिनीवर लोळणार हे तिला दिसत होतं, पण तिनं त्यांच्या हातात कात्री दिली. त्या चार बोटांवर कुणी घरपट्टी लावणार नव्हतं.